मदत हवी आहे: बाबा पाऊण तास फिरतात, बँड 900 पावलं दाखवतो

अनगोळची_लेक
डोकं फिरायची वेळ आलीय. बाबांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, म्हणून हाताला बांधायचा बँड घेतला. सकाळी पाऊण तास फिरून येतात आणि बँड म्हणतो 900. तोच बँड काल मी भाकऱ्या करताना घातला तर पाचव्या भाकरीला 400 पावलं वाढली, ओट्यापुढून हललेसुद्धा नव्हते! बाबा म्हणतात, "मग माझ्या वाट्याचं तूच फीर, परातीत." बदलून घ्यायची मुदत शनिवारी संपते. खराब आहे का? लवकर सांगा.

निपाणीकर_आप्पा
कुठल्या हातात बांधतात? चाल कशी आहे? काहीच न सांगता 'खराब आहे का' विचारलं तर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

गणपत_गल्ली_७
अॅपात उंची चुकीची भरली असणार. माझं तेच झालं होतं. उंची नीट घाला, पावलं बरोबर येतात.

निपाणीकर_आप्पा
उंचीवरून अंतर काढतात हो, पावलं नाही. पाऊल केवढं पडतं त्याचा तो अंदाज.

गणपत_गल्ली_७
माझं बरोबर झालं एवढं खरं. पटत नसेल तर सोडा.

खानापूरचा_पाऊस
त्यात ऑक्सिजन पण दिसतो का? भावाला घ्यायचाय. चार्जिंग किती दिवस टिकतं?

वडगावचा_माग
बँडला पाय दिसत नाहीत, ताई. आत अॅक्सिलरोमीटर असतो, तो तीन दिशांचे हिसके मोजतो. हिसके ठरावीक तालात आले की त्याला वाटतं माणूस चालतोय. भाकरी थापताना ताल पक्काच, म्हणून फुकटची पावलं. उलट हात स्थिर राहिला की पाय चालूनही काही मिळत नाही. बाजारात ढकलगाडी ढकलताना, जिन्याचा कठडा धरताना, घागर नेताना हेच होतं. हळू चाललं तरी हिसका बारीक पडतो आणि सुटतो. शिवाय पुष्कळ बँड सुरुवातीची काही पावलं लागोपाठ पडेपर्यंत वाट बघतात, त्यामुळं देवघर ते स्वयंपाकघर असली चाल कुठंच धरत नाहीत. खड्ड्यांतून गाडीवर गेलो की माझीही पावलं वाढतात, बसल्या जागी.
बाबा हात मागं बांधून चालतात का?

योग_आणि_मी
पाऊण तास काय होतोय? दहा हजार झालेच पाहिजेत. त्यापेक्षा सूर्यनमस्कार घालायला सांगा, बँडच नको.

निपाणीकर_आप्पा
दहा हजार काय वेदात लिहिलंय? जपानमध्ये 1965 साली पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. तो आकडा तिथून पसरला. डॉक्टरांनी किती सांगितलंय ते बघा की आधी.

गणपत_गल्ली_७
ताई, अॅपची भाषा कुठली आहे? माझं दुकानदारानं कन्नड करून दिलंय, 'हेज्जे' म्हणजे पावलं हे कळायला आठवडा गेला. 😀

अनगोळची_लेक
भाषेचं राहू द्या हो. डाव्या हातात बांधतात. हात मागं नाही बांधत, छत्री असते.

वडगावचा_माग
छत्री कुठल्या हातात??

अनगोळची_लेक
डाव्याच. जुलैत बेळगावात छत्रीशिवाय कोण बाहेर पडतं, त्यात सांगायचं काय?

वडगावचा_माग
धन्य आहे. दांडा छातीशी घट्ट धरला की तो हात हलतोच कुठं! बदलायला पळू नका. शंभर पावलं तोंडानं मोजा, एकदा तशी आणि एकदा हात मोकळा सोडून. नाहीतर फोन पँटच्या खिशात ठेवा, तोही मोजतो.

अनगोळची_लेक
गच्चीच्या जिन्याखाली लांब बोळ आहे, तिथं मोजली. छत्री धरून 100 ची 27, हात मोकळा सोडून 96. बाबांना म्हटलं छत्री उजव्या हातात घ्या. म्हणे, उजवा हात लोकांना नमस्कार करायला लागतो. शेवटी बँड उजव्या हाताला बांधला आणि अॅपातही हात बदलला. आज 4,120! बदलून घेत नाही आता.

निपाणीकर_आप्पा
त्यात नमस्कार किती?