जैवविविधता जपण्यात शहरांचा आणि प्रादेशिक सरकारांचा वाटा नेमका किती?

ओढ्याकाठी :
नमस्कार. जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारावर राष्ट्रे सह्या करतात, उद्दिष्टे राष्ट्रे ठरवतात आणि प्रगतीचे अहवालही राष्ट्रेच पाठवतात. पण एखादा ओढा वाहता ठेवायचा की बंदिस्त करायचा, पडीक माळावर इमारतींना परवानगी द्यायची की नाही, हे मात्र नगरपालिकेच्या नाहीतर प्रादेशिक, म्हणजे राज्याच्या किंवा प्रांताच्या, सरकारच्या कार्यालयात ठरते.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीमागच्या ओढ्याचे सुशोभीकरण झाले. काठावरची लव्हाळी उपटली गेली, दोन्ही बाजूंना सरळ भिंती उभ्या राहिल्या आणि तळालाही काँक्रीट पडले. त्याआधी सकाळी फिरायला गेले की लव्हाळ्याच्या देठांना चतुरांच्या रिकाम्या काती चिकटलेल्या दिसायच्या. चतुराची अळी पाण्यातून त्या देठावर चढते, पाठीवर कात फुटते आणि ओलसर, चुरगळलेल्या पंखांचा चतुर बाहेर येऊन पंख वाळेपर्यंत तिथेच बसून राहतो. यंदा मला एकही कात दिसली नाही, कारण अळीला चढायला देठच उरलेला नाही. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले की हे पूरनियंत्रणाचे काम आहे आणि जैवविविधता हा वरच्या सरकारचा विषय आहे.

माझा प्रश्न असा, की हे उत्तर बरोबर आहे का? शहरांवर आणि प्रादेशिक सरकारांवर या बाबतीत काही जबाबदारी आहे का, आणि असल्यास ती प्रत्यक्षात कशी पार पाडली जाते?

नियोजनवाचक :
आपल्याला मिळालेले उत्तर अर्धवट आहे. करारावर सह्या करणारे पक्ष राष्ट्रेच आहेत, हे खरे. तरीही २०१० मध्ये जपानमधील नागोया येथे या कराराच्या परिषदेत प्रादेशिक सरकारे, शहरे आणि स्थानिक संस्था यांच्यासाठी २०११ ते २०२० या दशकाची स्वतंत्र कृती योजना मान्य झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथील परिषदेत तिची २०३० पर्यंतची सुधारित आवृत्ती स्वीकारण्यात आली. त्याच परिषदेत स्वीकारलेल्या जागतिक आराखड्यातील २३ उद्दिष्टांपैकी बारावे उद्दिष्ट तर थेट शहरी भागांविषयी आहे. हिरव्या आणि जलमय जागांचे क्षेत्र, त्यांचा दर्जा आणि त्यांची एकमेकींशी जोडणी वाढवावी, आणि नगरनियोजन करतानाच जैवविविधतेचा विचार व्हावा, असे ते सांगते. आपल्या ओढ्याच्या बाबतीत नेमके हेच सुटले. काम मंजूर होताना तिथे काय जगते आहे हे कोणी विचारले नाही.

मात्र केवळ आंतरराष्ट्रीय मजकुराने नगरपालिका बांधली जात नाही. तिला बांधतो तो तिच्याच नियोजनाचा नकाशा. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहराने आपली जंगले, गवताळ माळ, पाणथळ जागा आणि नदीकाठ यांचे जाळे नकाशावर आखले आणि २०१० मध्ये ते नगररचना योजनेत समाविष्ट केले. त्या आखलेल्या क्षेत्रात काही बांधायचे असेल तर शहराच्या पर्यावरण विभागाची संमती लागते. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण ज्या कागदावर परवानगी ठरते, त्याच कागदावर इथे जैवविविधतेची नोंद आहे. स्वतंत्र अहवालात कितीही सुंदर यादी केली, तरी परवानगी देणारा अधिकारी ती उघडून पाहीलच याची खात्री नसते.

मोजमापासाठी सिंगापूर निर्देशांक आहे, म्हणजे शहराने स्वतःच्या जैवविविधतेला गुण देण्याची पद्धत. त्याची कल्पना २००८ मध्ये जर्मनीतील बॉन येथे याच कराराच्या परिषदेत मांडली गेली. आधी त्यात २३ निकष होते, २०२१ च्या सुधारित आवृत्तीत २८ आहेत. स्थानिक प्रजाती, निसर्गाकडून मिळणाऱ्या सेवा आणि शहराचा कारभार असे त्याचे तीन भाग असून अंदाजपत्रकातील किती वाटा जैवविविधतेसाठी ठेवला जातो, हेही त्यात पाहिले जाते. शहराने मुख्यतः स्वतःच्याच आधीच्या गुणांशी तुलना करावी, अशी त्याची रचना आहे, आणि ते योग्यच आहे. वाळवंटातल्या शहराची वर्षावनातल्या शहराशी स्पर्धा लावण्यात काही अर्थ नाही.

माळीकाम :
मी अनेक वर्षे एका शहराच्या उद्यान विभागात काम केले आहे, म्हणून एक बाजू मांडतो. धोरण कितीही चांगले असले तरी जमिनीवर जे उतरते ते देखभालीच्या निविदेतले असते. आमच्याकडे गवतकापणीचे देयक कापलेल्या चौरस मीटरवर निघत असे. जितक्या वेळा कापाल तितके पैसे, त्यामुळे गवताला फुलोरा येण्याआधीच यंत्र फिरायचे. पालापाचोळा उचलणे हे स्वच्छतेच्या कलमात होते, आणि त्या पाचोळ्यातच कोषावस्थेत असलेले कीटक, गोगलगायी आणि गांडुळे दर आठवड्याला पोत्यांत भरून जात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. कलमच तसे लिहिलेले होते.

एका वर्षी आम्ही निविदेत दोन वाक्ये बदलून घेतली. कडेचा तीन मीटरचा पट्टा बी पडेपर्यंत कापायचा नाही, आणि झाडाखालचा पाचोळा झाडाखालीच ठेवायचा. पहिले काही महिने अस्वच्छतेच्या तक्रारी आल्या. मग आम्ही त्या पट्ट्याला लागून एक हात रुंदीची कड नीट कापून ठेवू लागलो आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, कारण पट्टा मुद्दाम राखलेला आहे हे लोकांना दिसू लागले. पुढच्या हंगामात त्या गवतात सुरवंट सापडले आणि सुरवंटांमागे पक्षी आले.

वरच्या सरकारचा कायदा पाठीशी असला की अशा गोष्टी एका अधिकाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहत नाहीत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक संस्थांना उद्याने, रस्ते आणि पायवाटा यांवर रासायनिक कीटकनाशके व तणनाशके वापरण्यास मोजके अपवाद वगळता मनाई आहे. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराने तर २००२ पासून नव्या सपाट छपरांवर हिरवळ सक्तीची केली. तिथले नियम केवळ छप्पर हिरवे करा एवढे सांगून थांबत नाहीत. थरासाठी परिसरातलीच माती वापरावी आणि तिची जाडी कमीजास्त ठेवावी, असेही सांगतात. उथळ, कोरड्या जागी एक तऱ्हेचे कीटक राहतात आणि खोल मातीत दुसऱ्या, इतके बारीक ज्ञान बांधकामाच्या नियमात उतरले आहे.

वरचा पाणलोट :
वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, पण त्यांत शहरावर थोडा अधिक भार टाकला जातो आहे असे मला वाटते. पक्ष्यांना, माशांना किंवा पाण्याला शहराची हद्द कळत नाही. ओढा शहरात शिरण्याआधी जिथून येतो, त्या डोंगरउतारावर शहराचा अधिकार चालत नाही. तो चालतो प्रादेशिक सरकारचा. खाणीची परवानगी, जंगलाचे व्यवस्थापन, महामार्गाची आखणी हे विषय अनेक देशांत त्याच पातळीवर हाताळले जातात.

न्यूयॉर्क शहराला बहुतांश पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरातून आणि डेलावेअर खोऱ्यातून येते. तिथली जंगले आणि शेते सांभाळण्यासाठी १९९७ मध्ये शहर, राज्य सरकार, संघराज्य सरकार आणि वरच्या भागातील गावे यांच्यात करार झाला. शहराने तिथे जमिनी घेतल्या, शेतकऱ्यांना ओढ्याकाठी कुंपण आणि झाडी राखण्यासाठी पैसे दिले आणि त्यामुळे पाणी गाळण्याचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प टळला. शहराकडे पैसा होता, गावांकडे जमीन होती आणि राज्याकडे दोघांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार होता. हा तिसरा घटक नसता तर करार झाला नसता, असे माझे मत आहे.

शिवाय जे एकदा तोडले ते जोडणे फार महाग पडते. सिंगापूरमध्ये १९८६ मध्ये एका द्रुतगती मार्गाने जंगलाचे दोन तुकडे केले आणि प्राण्यांना ओलांडण्यासाठी त्यावर झाडे लावलेला पूल २०१३ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी तयार झाला. मार्गाची आखणी होतानाच ही जोडणी मागायला हवी, आणि ती मागण्याची जागा प्रादेशिक आराखडा हीच आहे.

ओढ्याकाठी :
सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. आमच्याकडे पुराचे कारण पुढे केले जाते, आणि पुराची भीती खोटी नाही. मी स्वतः घरात शिरलेले पाणी पाहिले आहे. मग ओढा मोकळा ठेवणे आणि पूर आवरणे या दोन गोष्टी एकत्र जमतात का?

नियोजनवाचक :
जागा असेल तर जमतात. सिंगापूरच्या बिशान उद्यानात कालांग नदी काँक्रीटच्या सरळ नाल्यातून वाहत होती. तो २.७ किलोमीटरचा नाला काढून २०१२ पर्यंत तिला ३.२ किलोमीटरची वळणावळणाची वाट दिली गेली. जोराचा पाऊस झाला की पाणी उद्यानाच्या हिरवळीवर पसरते आणि ओसरते. एरवी तिथे लोक फिरतात. काठ धरून ठेवण्यासाठी भिंतीऐवजी झाडांच्या फांद्या, दगड आणि मुळे यांचा वापर केला आहे, आणि कोणत्या पद्धती टिकतात हे आधी एका छोट्या पट्ट्यावर तपासून पाहिले होते.

आपल्या ओढ्याला दोन्ही बाजूंनी घरे लागून असतील तर इतकी जागा मिळणार नाही. तेव्हा आधी त्या कामाची निविदा आणि पुराच्या हिशेबाचे कागद मागून घ्या. भिंतीची गरज कुठे होती आणि तळाच्या काँक्रीटची होती का, हे त्यातून वेगवेगळे कळेल. कधीकधी तळ बांधण्याची गरज हिशेबात नसते, तो केवळ साफसफाई सोपी जावी म्हणून बांधलेला असतो. तसे निघाले तर भिंतींना हात न लावता निदान तळ मोकळा करण्याची मागणी करता येईल.

माळीकाम :
आणि तळ मोकळा झाला की लव्हाळी मुद्दाम लावावी लागतीलच असे नाही. वरच्या अंगाला थोडी शिल्लक असतील तर एक-दोन पावसाळ्यांत गाळाबरोबर मुळे वाहत येतील. फक्त त्या काळात साफसफाईच्या निविदेत ती उपटायची नाहीत, असे एक कलम घालून घ्या.