मदत हवी आहे : वावरात राबणाऱ्या आईचे वजन उतरवायचे आहे, भर आहारावर द्यावा की व्यायामावर?

सर्वांना नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरी कोरडवाहू कापूस आणि तूर आहे. आईचे वय ५४, उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ७२ किलो आहे. नुकत्याच झालेल्या तपासणीत तिचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के निघाले. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा मानतात, त्यामुळे घरात सगळ्यांनाच काळजी लागली आहे. थायरॉइडची चाचणी ठीक आहे. डॉक्टरांनी वजन कमी करायला आणि रोज चालायला सांगितले आहे.

आईचे म्हणणे असे की, निंदणापासून वेचणीपर्यंत सगळी कामे ती करतेच, मग आणखी चालायचे कशासाठी? तिचे हे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. टांझानियातील हाड्झा या शिकार करून जगणाऱ्या लोकांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर पायपीट करूनही, शरीराच्या आकारमानाचा विचार करता, त्यांचा एकूण ऊर्जाखर्च शहरी पाश्चात्त्य माणसांएवढाच निघाला. म्हणजे केवळ कष्टाने वजन उतरेल असे नाही. शिवाय वेचणी आटोपली की पेरणीपर्यंत आमच्याकडे काम फारसे नसते, ताटातले अन्न मात्र तेवढेच राहते.

आमचे जेवण तसे साधे असते : ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, भाजी आणि रात्री भात. पण भाजीवर तेलाचा तवंग असतो, आणि एका मोठ्या चमचाभर तेलातून सुमारे १२० किलोकॅलरी मिळतात. तेवढी ऊर्जा खर्च करायला अर्धा तास चालावे लागते. सोमवारी आणि एकादशीला उपवास असतो, पण त्या दिवशी शेंगदाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची उसळ होते. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात, प्रथिने मात्र नावापुरती. आणि मला सर्वात खुपणारी गोष्ट म्हणजे आई सर्वांच्या शेवटी जेवते. भांड्यात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तो तिच्याच ताटात जातो.

म्हणून माझे मत आधी आहार सुधारावा असे झाले आहे. तरीही व्यायाम सोडून चालणार नाही, कारण नुसते खाणे कमी केले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात; उलट जेवणानंतर थोडे चालल्यास, वजन उतरले नाही तरी, रक्तातील साखर आटोक्यात राहायला मदत होते. मला भीती एवढीच वाटते की, 'कमी खा' म्हटले की आई वरण आणि दूधच आधी बंद करील.

ज्यांच्या घरी शेतीचे काम आहे आणि ज्यांनी आईवडिलांचे किंवा स्वतःचे वजन उतरवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : एकाच कढईत सर्वांची भाजी होत असताना तेल कसे कमी केले? उपवासाला साबुदाण्याऐवजी काय केले, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते कसे पटवले? आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि आईचे गुडघे दुखतात; अशा वेळी घरात बसून किंवा उभे राहून करता येतील असे कोणते व्यायाम तिला सुरू करून द्यावेत? आहारतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांपैकी कोणी हे वाचत असतील, तर गुडघ्यांच्या बाबतीत काय टाळावे हेही जरूर लिहावे.