मदत हवी आहे: एजंट चुकीचं टूल उचलतो

मंडळी, ऑर्डर-चौकशीच्या एआय एजंटसाठी एमसीपी सर्व्हर (एआय मॉडेलला वापरायला टूल्स पुरवणारा प्रोग्राम) लिहितोय. एक टूल फोन नंबरवरून ग्राहकाच्या सगळ्या ऑर्डर्स शोधतं, दुसरं ऑर्डर क्रमांकावरून एकाच ऑर्डरची स्थिती सांगतं. दोन्हींच्या वर्णनात मी नुसतं 'ऑर्डरची माहिती देतं' एवढंच लिहिलं होतं. मॉडेलला आतला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि जेसन स्कीमा (टूलला कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा), बस. मग ते फोन नंबरच ऑर्डर क्रमांक म्हणून पाठवायचं आणि ग्राहकाला उत्तर जायचं, 'ऑर्डर सापडली नाही'. फार वाईट वाटलं.

आता टूल कधी वापरू नये तेही लिहिलंय, क्रमांकाचा नमुना दिलाय. बराच फरक पडला. पण वर्णन दहा ओळींचं झालं, आणि ते प्रत्येक विनंतीत टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातं. तुम्ही कुठे थांबता? आणि काहीच सापडलं नाही तर पुढे काय करायचं, हे वर्णनात लिहिता की एरर मेसेजमध्ये?