मदत हवी आहे: भावाच्या कॉल ऑप्शनवर ब्रोकरचा फिजिकल सेटलमेंटचा मेसेज, मंगळवारी एक्स्पायरी

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. मी स्वतः गेली सहा वर्षं फक्त एसआयपी करते, ऑप्शनच्या वाटेला कधी गेले नाही. धाकटा भाऊ आमच्याकडेच राहतो, चाकणला नोकरीला आहे, त्याने या महिन्यात एका मोठ्या कंपनीच्या शेअरचा १४०० चा कॉल (म्हणजे एक्स्पायरीला, मुदत संपायच्या दिवशी, तो शेअर १४०० ला घ्यायचा हक्क) घेतला, एक लॉट म्हणजे ५०० शेअर, प्रीमियम म्हणजे त्या हक्काची किंमत शेअरमागे २२ रुपये, म्हणजे ११,००० गेले. तेव्हा शेअर १३९५ ला होता. "ताई, फार तर अकरा हजार जातील, त्यावर एक रुपया नाही" असं म्हणाला आणि मीही गप्प बसले.

काल रात्री ताटावर बसला तो नुसता भात चिवडत होता. विचारलं तर फोनच पुढे केला, मेसेजमध्ये लिहिलेलं की पोझिशन इन द मनी (म्हणजे शेअर १४०० च्या वर) आहे, मार्जिन (तारण म्हणून ठेवायची रक्कम) भरा नाहीतर पोझिशन बंद करा, नाहीतर शेअर्सची डिलिव्हरी घ्यावी लागेल. १४०० गुणिले ५०० म्हणजे ७ लाख! त्याच्या ट्रेडिंग खात्यात १८ हजार आहेत. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची एफडी आहे पण तिला हात लागणार नाही हे मी त्याला तिथेच सांगितलं.

आता मला कळत नाहीये ते असं की विकत घेतलेल्या ऑप्शनमध्ये प्रीमियमपेक्षा जास्त जात नाही म्हणतात मग हे ७ लाख आले कुठून, आणि दुसरं म्हणजे शेअर आज १४१२ ला आहे म्हणजे १७ रुपये वर गेला तरी प्रीमियम २२ चा १७.५० कसा झाला? आज गुरुवार, हातात काय करण्यासारखं आहे? प्लीज कोणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद:
ताई, ७ लाख हा तोटा नाही, ती शेअर्सची किंमत आहे, आधी हे त्याला सांगा म्हणजे पोरगा जेवेल. निफ्टीसारख्या इंडेक्सच्या ऑप्शनचा हिशोब रोखीत मिटतो, पण शेअरच्या ऑप्शनला ऑक्टोबर २०१९ पासून डिलिव्हरी आहे. एक्स्पायरीला शेअर १४०० च्या वर राहिला तर कॉलवाल्याला १४०० ने ५०० शेअर घ्यावेच लागतात, म्हणून शेवटच्या चार दिवसांत मार्जिन रोज वाढवत नेतात. पुट, म्हणजे ठरल्या भावाने शेअर विकायचा हक्क, घेतलेला असता आणि द्यायला डिमॅटला शेअर नसते तर याहून वाईट, ते लिलावातून घेतले जातात आणि भुर्दंड आपल्यावर.

प्रीमियमचं म्हणाल तर घेताना २२ चे २२ रुपये वेळेचे, म्हणजे एक्स्पायरीपर्यंत उरलेल्या दिवसांचे होते, शेअर १४०० च्या खालीच होता ना. आज १७.५० मध्ये १२ रुपये खरे (१४१२ वजा १४००) आणि ५.५० वेळेचे, तेही मंगळवारपर्यंत विरघळणार. एक्स्पायरीपर्यंत धरून नफा हवा तर शेअर १४२२ च्या वर पाहिजे.

उद्या सकाळी विकून मोकळं व्हा. मार्केट ऑर्डर नको, लिमिट लावा म्हणजे आपला भाव आपण ठरवाल, शेअरच्या ऑप्शनमध्ये घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावात बरंच अंतर असतं. स्ट्राइक (तो १४०० चा आकडा) आणि महिना दोनदा वाचा, घाईत दुसऱ्याच स्ट्राइकचा कॉल विकला गेला तर हातातला तसाच राहून वर एक नवा विकलेला कॉल गळ्यात पडेल, आणि हातातला विकलात की तो उघडा राहतो, त्यात तोट्याला मर्यादा नाही. तोटा रिटर्नमध्ये दाखवा, पगारातून वजा होत नाही पण मुदतीत रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो. आणि सेबीने २०२४ मध्ये आकडे दिलेत, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात. ते त्याला स्वतःला वाचायला लावा, तुम्ही वाचून दाखवू नका.

अपडेट, शुक्रवार:
खूप खूप आभार दादा. कॉल १६.८० ला विकला गेला, ऑर्डर टाकताना मी शेजारी बसून स्ट्राइक मोठ्याने वाचला. २,६०० गेले, वर चार्जेस. वॉचलिस्टमध्ये त्याने आणखी एका शेअरचा पुट लावून ठेवलेला होता, तुमचं लिलावाचं वाक्य वाचून स्वतःच काढून टाकला. कॉन्ट्रॅक्ट नोट आली की त्यातल्या एसटीटीचं (शेअर व्यवहारांवरचा कर) विचारीन, तेवढं अजून डोक्यात बसलेलं नाही.