बोक्याचा मधुमेह: डॉक्टर डोस वाढवा म्हणतात, घरचे आकडे उलटं सांगतायत

घारेडोळे

बोका ९ वर्षांचा, नसबंदी झालेला. वजन ५.८ किलो, सहा महिन्यांपूर्वी ७.१ होतं. ५ आठवड्यांपूर्वी मधुमेहाचं निदान झालं. ग्लार्जिन इन्सुलिन (१०० युनिट प्रति मिली) सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला, दर वेळी २ युनिट. १० दिवसांपूर्वी कोरडं खाणं बंद करून ओले पाऊच सुरू केले.

परवा दुपारी दवाखान्यात साखर ३९८ आली. डॉक्टर म्हणाले, डोस ३ करा. काल घरी माणसांच्या ग्लुकोमीटरवर कानातून मोजली ती अशी:

७ वाजता (इंजेक्शनआधी) २८६, ९ ला २१०, ११ ला १२४, १ ला ६८, ३ ला ९७, ५ ला १९२, संध्याकाळी ७ ला ३०५.

डॉक्टरांचं म्हणणं, घरच्या मशीनवर विसंबू नका, मांजरात ते चुकतं. डोस वाढवायचा की नाही? आणि खाणं बदललंय तर इन्सुलिन बंद करून नुसत्या खाण्यावर ठेवता येईल का?

सुई३१

आज डोस ३ करू नका. बंदही करू नका. आत्ता डॉक्टरांना हा पूर्ण तक्ता पाठवा, नुसतं "घरी कमी येते" असं सांगू नका.

तक्त्यातला कळीचा आकडा ३०५ नाही, दुपारचा ६८ आहे. डोस ठरतो दिवसातल्या सगळ्यात खालच्या आकड्यावरून. तो तळ ८० ते १५० मध्ये असला तर डोस बसलाय, ८० च्या खाली गेला तर जास्त होतोय. २ युनिटवर ६८ येत असेल, तर ३ युनिटवर दुपारी एकला घरात कोणी नसताना मांजराला झटके येऊ शकतात. इंजेक्शनआधीचे आकडे चढलेले दिसतात कारण मांजराचं शरीर ग्लार्जिन बरंच लवकर संपवतं, शेवटचे दोन-तीन तास कोरडे जातात. त्यासाठी डोस चढवला की वरचा आकडा फारसा हलत नाही, तळ मात्र आणखी खाली जातो.

दवाखान्यातला ३९८ खोटा नाही, पण तो भीतीचा आकडा असू शकतो. टोपलीत कोंबलेलं, रिक्षातून आलेलं, शेजारी कुत्रा भुंकतोय: अशा वेळी ॲड्रेनॅलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्या मांजराचीही साखर अशा वेळी ३०० च्या पुढे जाऊ शकते. एकट्या अशा आकड्यावर डोस वाढवणं धोक्याचं आहे.

मशीनबद्दल डॉक्टर म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त त्याची दिशा बघा. माणसाच्या रक्तातली साखर तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा (रक्ताचा पातळ भाग) दोन्हींत वाटलेली असते, मांजराची जवळजवळ सगळी प्लाझ्मात. त्यामुळे माणसांचं मीटर मांजरात सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणजे ६८ ची खरी साखर थोडी वर असेल. तरी त्यातून ३ युनिटचा अर्थ निघत नाही. रोज तेच मीटर, त्याच कंपनीच्या पट्ट्या वापरा, चढउताराचा आकार बरोबर कळतो. पुढच्या वेळी मीटर दवाखान्यात न्या आणि लॅबसाठी काढलेल्या रक्ताचाच एक थेंब तुमच्या पट्टीवर लावा. दोन आकड्यांत किती अंतर आहे ते तुम्हाला आणि डॉक्टरांना एकदमच दिसेल.

आता सिरिंज तपासा. आपल्याकडे दुकानात ४० युनिटची (लाल टोपण) आणि १०० युनिटची (केशरी टोपण) अशा दोन्ही सिरिंज मिळतात, आणि दुकानदार मागितल्याशिवाय विचारत नाही. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये "२" च्या रेषेपर्यंत भरलं तर ०.०५ मिली येतं, म्हणजे ५ युनिट. अडीचपट. तुम्हाला ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेषा असलेली, ३१ गेजची हवी. सुई ८ मिमी बरी, ६ मिमी दाट केसांत अडकते आणि औषध कातडीखाली न जाता केसांवर सांडतं. तसं झालं तर हाताला ओलसर लागतं, वेगळा वास येतो. तेव्हा दुसरं इंजेक्शन देऊ नका, किती आत गेलं ते कळणार नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

बुडबुड्याकडेही बघा. १ युनिट म्हणजे ०.०१ मिली, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान थेंब. टोकाशी राहिलेला लहानसा बुडबुडाही डोसचा काही भाग खातो. सिरिंज उजेडाकडे धरून नखाने टिचकी मारा, बुडबुडा वर आला की दट्ट्या हलकेच ढकलून बाहेर काढा. काढलेलं इन्सुलिन कार्ट्रिजमध्ये परत सोडू नका, सिरिंजमधलं सिलिकॉन आत जाऊन औषध गढूळ होतं. ग्लार्जिन नेहमी पाण्यासारखं नितळ दिसलं पाहिजे. हलवायचं नाही, पाणी मिसळायचं नाही, फ्रिजच्या दारात नाही तर मधल्या खणात ठेवायचं. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेलं कार्ट्रिज फेकून द्या.

कानाबद्दल: कडेने जी शीर दिसते तिच्या बाहेरचा अगदी काठ टोचायचा, शीर नव्हे. आधी कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं अर्धा मिनिट धरा, कान थंड असेल तर थेंबच येत नाही. काठावर व्हॅसलिनचा पुसट हात फिरवा, म्हणजे रक्त केसांत न पसरता मण्यासारखं उभं राहतं. कानामागे कापसाची घडी धरली की बोट टोचलं जात नाही. मग पट्टीचं टोक थेंबाला बाजूने लावा, ती स्वतः ओढून घेते.

पशुवैद्य_निवृत्त

वरच्या उत्तराशी सहमत, पण तुमच्या डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. तेराशे ग्रॅम वजन उतरलंय आणि समोर ३९८ दिसतंय, तर कोणालाही डोस कमी पडतोय असंच वाटेल. तुमचा तक्ता त्यांनी तेव्हा पाहिला नव्हता. पाहून कोणी बदलत नसेल तर मात्र दुसरं मत घ्या. मुंबईच्या जवळपास असाल तर परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

मशीनवरून वाद चालू असेल तर फ्रुक्टोसामाइन मागा. ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते, त्या दिवशीच्या भीतीने ती हलत नाही. तुमच्याकडे खाणं १० दिवसांपूर्वी बदललंय, त्यामुळे आत्ता केली तर जुने वाईट दिवसही त्यात येतील. तीन आठवड्यांनी करा.

इन्सुलिन एकदम बंद करायचं नाव काढू नका. पेशींना साखर मिळाली नाही की शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारे आम्लधर्मी कीटोन साठतात, आणि मांजर काही दिवसांतही कीटोॲसिडोसिसमध्ये (कीटोन वाढून रक्त आम्ल होण्याच्या जीवघेण्या अवस्थेत) जाऊ शकतं: खाणं सोडणं, उलट्या, धापा, तोंडाला नेलपॉलिश काढणाऱ्या द्रवासारखा वास. मधुमेही मांजराच्या जिवाला हा आणि साखर एकदम उतरणं, हे दोन मोठे धोके. कीटोनच्या लघवीपट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. ट्रेमधली माती काढून माशांच्या टाकीतले धुतलेले खडे भरा, लघवी खाली साचते, सिरिंजने उचलून पट्टीवर थेंब टाका आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग बघा. कीटोन आले आणि मांजर खात नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.

एक विचारतो. निदानाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत खाजेसाठी, हिरड्यांसाठी किंवा दम्यासाठी काही इंजेक्शन दिलं होतं का?

घारेडोळे

हो. निदानाच्या २ आठवडे आधी मानेवरच्या खाजेसाठी "महिनाभर पुरणारं" इंजेक्शन दिलं होतं. म्हणजे आजपासून ७ आठवडे झाले. कागदावर मिथिलप्रेडनिसोलोन असं आहे.

सिरिंज केशरी टोपणाची आहे. तक्ता पाठवल्यावर डॉक्टर १ युनिटला तयार झाले, पण दर आठवड्याला दवाखान्यात आणून मोजायचं म्हणतात.

पशुवैद्य_निवृत्त

मग चित्र बरंच उलगडलं. ते लांब चालणारं स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड असताना इन्सुलिन नीट लागू पडत नाही, साखर चढते, आणि वजनदार बोक्यात मधुमेह उघडा पडायला तेवढं पुरतं. त्याचा असर काही आठवडे राहतो, आता ओसरत चाललाय. म्हणजे पाचव्या आठवड्यात त्याला जेवढं इन्सुलिन लागत होतं तेवढं आठव्यात लागणार नाही. त्यात तुम्ही पिष्टमय खाणंही काढलं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला, साखर खाली. आणि ठरलं होतं डोस वर. हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, इंजेक्शनची तारीख घालून.

आशेची बाजूही हीच आहे. स्टेरॉइडने उघडा पडलेला, पहिल्या सहा महिन्यांत पकडलेला आणि कमी पिष्टाच्या खाण्यावर आणलेला मधुमेह मांजरात मागे हटू शकतो. १ युनिटवर तळ पुन्हा ८० कडे यायला लागला की अर्ध्यावर या. अर्ध्या युनिटवरही इंजेक्शनआधीचे आकडे दोन आठवडे नीट राहिले तर डॉक्टरांशी बोलून थांबवा. ४ आठवडे इन्सुलिनशिवाय साखर ठीक राहिली तर बोका मधुमेहातून बाहेर पडला म्हणायचं. तरी पुढे महिन्यातून दोनदा मोजायची.

फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहा: "मधुमेह. लांब चालणारं स्टेरॉइड देऊ नये." खाज पुन्हा आली तर आधी पिसवा, माइट (कातडीतले बारीक किडे) आणि खाण्याची ॲलर्जी तपासा.

दवाखान्यातल्या आठवडी मोजणीला नाही म्हणू नका, पण त्या जागी घरचा तक्ता आणि वजन आणता येईल का ते विचारा. बहुतेक डॉक्टर तयार होतात.

पाऊच_वाचक

खाण्याचं गणित प्रत्येक पाकिटाचं वेगळं करा, "ओलं म्हणजे चांगलं" असं नसतं. पाठीमागे प्रथिनं, चरबी, तंतू, राख, ओलावा यांचे टक्के असतात. सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा केली की उरतं ते पिष्ट. उदाहरणार्थ ९, ३, १, २ आणि ८३ असेल तर पिष्ट २. आता प्रथिनांना ३.५ ने, चरबीला ८.५ ने, पिष्टाला ३.५ ने गुणा: ३१.५, २५.५ आणि ७, एकूण ६४. त्यातले ७ म्हणजे ११ टक्के उष्मांक पिष्टातून. १२ च्या आत ठेवायचं, १० च्या आत उत्तम. कोरड्या खाण्याचं असं गणित सहज ३० च्या वर जातं. राख छापलेली नसेल तर ओल्यात २ आणि कोरड्यात ७-८ धरा. ग्रेव्हीचे तुकडे असलेले पाऊच जपून घ्या, ग्रेव्ही घट्ट करायला पिष्ट घालतात. वाटलेल्या लगद्याचे पाऊच सहसा बरे निघतात.

घरातल्या मोठ्या माणसांना सांगून ठेवा की दूध-पोळी, दूध-भात, बिस्किट काही नाही. आकडा अचानक ४०० आला तर आधी हे विचारा. उकडलेलं चिकन (कांदा, लसूण, मीठ नाही) वरखाऊ म्हणून चालतं, पण रोजचं जेवण तेवढंच ठेवलं तर कॅल्शियम आणि टॉरिन (मांजराला खाण्यातूनच लागणारं एक अमिनो आम्ल) कमी पडतं.

सुई३१

१ युनिटवर आलात, आता पाच ते सात दिवस डोस हलवू नका. ग्लार्जिन दोन-तीन दिवसांनी स्थिरावतं, एका दिवसाच्या आकड्यावर खालीवर केलं की कशामुळे काय झालं तेच कळत नाही. याला अपवाद एकच, तळ पुन्हा ८० च्या खाली गेला तर त्याच दिवशी कळवून डोस कमी.

रोज इंजेक्शनआधी मोजा. २०० च्या खाली आलं तर खायला न देता अर्धा तास थांबून परत मोजा. वर जात असेल तर द्या, तिथेच असेल किंवा उतरत असेल तर तो डोस सोडा. खाल्लं नाही किंवा उलटी झाली तर पूर्ण डोस न देता आधी फोन.

जुनं कोरडं खाणं फेकू नका. साखर ६० च्या खाली आली आणि बोका शुद्धीत असेल तर तेच मूठभर द्या, लवकर चढवतं. डुगडुगतोय, डोळे शून्यात आहेत असं दिसलं तर चमचाभर ग्लुकोज दोन चमचे पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांवर चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं, आणि बोट दातांत घालू नका. ओठांच्या आतल्या बाजूला चोळत दवाखाना गाठा. सावरला तरी १५ मिनिटांनी परत मोजा, मग तासातासाला, कारण ग्लार्जिन अजून आत काम करत असतं.

पुढचा तक्ता रविवारी घ्या, तुम्ही दिवसभर घरी असाल तेव्हा. इथेही टाका, आणि डॉक्टरांनाही तोच पाठवा.