मदत हवी आहे: उबुंटू २४.०४ वर नमपाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) १.२३.५ बसत नाही

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ केलं, पायथॉन ३.१० चं ३.१२ झालं. जुनं व्हेन्व्ह (प्रोजेक्टचं वेगळं पायथॉन-फोल्डर) गेलंच: त्यातली लिंक आता ३.१२ कडे जाते, पॅकेजेस मात्र ३.१० च्या फोल्डरात. म्हणून नवीन बनवलं. (सिस्टिमवर थेट टाकायला गेलं की पिप, म्हणजे पॅकेजेस बसवणारं टूल, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवतं. अडवतं ते बरंच, ती अडवणूक ओलांडणारा 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' पर्याय कृपया सुचवू नका.)

नमपाय १.२३.५ चं ३.१२ साठी व्हील (आधीच बिल्ड केलेलं, तयार पॅकेज) नाही. पिप सोर्समधून बिल्ड करायला जातं आणि जुन्या सेटअपटूल्समुळे (बिल्ड करणारं टूल) 'पीकेजीयूटिलमध्ये इम्पइम्पोर्टर नाही' म्हणत आपटतं. १.२६ बसतं, पण प्रोजेक्ट १.२३.५ लाच बांधलेला आहे.

म्हणजे ३.१० शेजारी हवंच. डेडस्नेक्सचा पीपीए (उबुंटूसाठी इतर पायथॉन आवृत्त्या देणारा बाहेरचा पॅकेज-साठा) की पायएन्व्ह (अनेक पायथॉन आवृत्त्या शेजारी ठेवणारं टूल)? सिस्टिमच्या पायथॉनला धक्का न लागता कुणी चालवतंय का?