ऐक्य प्रार्थना सप्ताहातील संयुक्त उपासना : मतांगीकार कोणता घ्यावा? मदत हवी आहे

१८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहात कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स अशा तीन मंडळ्या मिळून एक संध्याकाळची उपासना करणार आहोत. आखणी माझ्याकडे आहे.

प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) ठेवलेले नाही, त्यामुळे ते एकत्र घ्यावे का हा प्रश्न नाही. वाचन योहान १७ मधून, गीतेही ठरली. अडले आहे ते मतांगीकारावर, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीवर. नायसीन मतांगीकारात पाश्चात्त्य मंडळ्या (कॅथलिक आणि प्रोटेस्टंट) पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो असे म्हणतात. इ.स. ३८१ च्या मूळ पाठात हे शब्द नाहीत आणि ऑर्थोडॉक्स बांधव ते म्हणत नाहीत. प्रेषितांचा मतांगीकार सुचवला, पण तो त्यांच्या उपासनेत नसतो. मतांगीकार गाळावा असेही कुणी म्हणाले. मला ते पटत नाही; एका प्रभूवरचा विश्वास एकत्र कबूल करायचा नाही, तर जमायचे कशासाठी?

दोन बैठका झाल्या. दुसरीत सूर चढले, तेव्हा थांबून शांतपणे प्रार्थना केली. त्यानंतर सगळे पुन्हा बोलू लागले. देवच वाट दाखवतो हे तिथे अनुभवले. आता ३८१ चा पाठ घ्यायला तिन्ही बाजू बऱ्यापैकी राजी आहेत, पण आपल्या लोकांना सवयीचे शब्द वगळल्यासारखे वाटेल, अशी आमच्या पाळकांना काळजी आहे. वरिष्ठांची परवानगी ज्याने त्याने घ्यायची ठरले आहे.

संयुक्त उपासनेत हा मूळ पाठ कुणी वापरला आहे का? मंडळीला आधी कसे समजावले, उपासनेत दोन वाक्ये बोलून की आधीच्या रविवारी?